आधी तारीख लिहा: गुप्तरोगाची शंका आल्यापासून तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत

एका माणसाने माझ्या टेबलावर कालनिर्णयचं एक पान ठेवलं होतं. भिंतीवरून फाडून आणलेलं, घड्या घालून खिशात मऊ पडलेलं. दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, गॅस सिलिंडर आल्याची नोंद, आणि एका शनिवारवर पेन्सिलीने काढलेला बारीक गोल, मुद्दाम शोधला तरच दिसेल असा. "मॅडम, त्या दिवशी झालं ते," एवढंच म्हणाला. त्या शनिवारला ४३ दिवस झाले होते. मधल्या काळात त्याने बाहेरच्या लॅबमध्ये तीनदा एचआयव्हीची तपासणी करून घेतली होती. तिन्ही पहिल्या दहा दिवसांत, तिन्ही निगेटिव्ह. तरी झोप नव्हती. आणि त्याची शंका खरी होती, कारण इतक्या लवकर केलेल्या त्या तपासण्यांमधून त्या शनिवारबद्दल काहीच कळत नव्हतं. तीन रिपोर्टांपेक्षा तो पेन्सिलीचा गोल माझ्या जास्त कामाचा होता.

मी उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, समुपदेशक म्हणून बसायचे. समोरच्या खुर्चीत येणाऱ्या बहुतेकांनी येण्याआधी काही आठवडे एकट्याने काढलेले असत. त्या आठवड्यांत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर त्यांचा पैसा, झोप आणि काहींची तब्येतही वाचली असती. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम: तारीख आणि प्रकार

संबंध कधी आला ती तारीख लिहून ठेवा. आठवत नसेल तर सण, पगाराचा दिवस, लग्नसमारंभ, कशाचाही आधार घ्या. तारखेसोबत मनाशी स्पष्ट करा की नेमकं काय घडलं: योनीमार्गे, गुदमार्गे की तोंडाने, कंडोम होता का, असला तर फाटला किंवा निसटला का. हे विचारताना लोकांची मान खाली जाते, पण धोका किती आणि तपासणी कुठली हे सगळं याच उत्तरांवर ठरतं. तोंडाने आलेल्या संबंधात एचआयव्हीचा धोका फार कमी असतो. गनोरिया, सिफिलिस, हर्पीस मात्र त्यातूनही लागू शकतात. मिठी मारणं, एका ताटात जेवणं, एसटी स्टँडचं स्वच्छतागृह वापरणं, डास चावणं यातून एचआयव्ही होत नाही. कितीतरी माणसं याच कारणांची भीती घेऊन यायची. त्यांना परत पाठवताना मला फार बरं वाटायचं.

७२ तास उलटले नसतील तर पुढचं नंतर वाचा

कंडोमशिवाय संबंध आला आहे किंवा तो फाटला आहे, समोरच्याची एचआयव्हीची स्थिती माहीत नाही किंवा ती व्यक्ती पॉझिटिव्ह असून उपचार घेत नाही, आणि अजून तीन दिवस झालेले नाहीत, तर आत्ताच उठा. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा आणि "पीईपी हवं आहे, एचआयव्हीचा धोका झालाय" असं सरळ सांगा. संसर्ग रुजण्याआधीच अडवणाऱ्या या गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या असतात. पहिली गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं चांगलं; ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही. रविवार आहे, ओपीडी बंद आहे, म्हणून सोमवारवर ढकलू नका. अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. ड्युटीवरच्या डॉक्टरांना खात्री नसली तर त्यांना एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राशी, बोलायला सांगा.

जबरदस्ती झाली असेल तर हेच, आणि त्याहून जास्त. सरकारी असो की खाजगी, कुठलंही रुग्णालय पीडितेला उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसेही घेऊ शकत नाही. तो कायदा आहे. गर्भधारणा टाळण्याची गोळीही त्याच वेळी मागा.

एकदा बघा, दिवसाउजेडी

मोबाइलच्या टॉर्चमध्ये रात्री दहा वेळा बघितलं की प्रत्येक वेळी काहीतरी नवीन दिसतं. आंघोळीनंतर, खिडकीच्या उजेडात, एकदा नीट बघा. काय दिसतंय आणि कधीपासून, ते तारखेखाली लिहा. वाटल्यास डॉक्टरांना दाखवण्यापुरता एक फोटो काढा. काही पुरळ ओपीडीची पाळी येईपर्यंत मावळतात.

लघवीच्या जागेतून पिवळसर पू आणि जळजळ, संबंधानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत, हे गनोरियाचं लक्षण असू शकतं. जुनी माणसं यालाच परमा म्हणतात. क्लॅमिडिया थोडा उशिरा, एक ते तीन आठवड्यांनी त्रास देतो आणि बऱ्याचदा काहीच त्रास देत नाही. बायकांमध्ये तर दोन्ही आजार बऱ्याचदा आतल्या आत राहून गर्भनलिका खराब करेपर्यंत कळत नाहीत. बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका, आग आणि ठणका असेल तर हर्पीसचा विचार होतो. फुलकोबीसारखे चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूचे असतात आणि यायला काही महिनेही लागतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या जखमेची. सिफिलिस, म्हणजे बोलीभाषेतली गरमी, बहुतेकदा एका जखमेने सुरू होते: तळाशी टणक, कडा स्वच्छ, दुखणं नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, पण १० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते! माणूस समजतो की मेडिकलमधल्या मलमाने गुण आला. आजार तसाच आत असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग उठतात आणि त्या वेळी जुन्या जखमेशी त्यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा जखम भरली तरी तपासणी करायचीच.

आता दुसरी बाजू. लघवीला जळजळ म्हणजे प्रत्येक वेळी गुप्तरोग नव्हे. मे महिन्यात पाणी कमी पडलं की उन्हाळी लागतेच. लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत असलेले बारीक मोत्यासारखे दाणे, त्वचेवरचे पिवळसर ठिपके हे निरोगी शरीरातही असतात. जांघेतला गोल, कडा लाल असलेला, खाजणारा चट्टा बहुधा नायटा असतो. केस काढल्यावर आलेल्या पुटकुळ्या वस्तऱ्याच्या असतात. बायकांना अंगावरून दह्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटली तर ते बुरशीचं असू शकतं, त्यासाठी नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घ्यायचं कारण नाही. पुरुषांना टोकाच्या कातडीला वारंवार चिरा आणि खाज येत असेल तर रक्तातली साखर तपासा. काहींचा मधुमेह आधी इथेच लक्षात येतो. आणि "धातू जातो" म्हणून खचलेल्या पोरांनो, तो आजार नाही. स्वप्नात वीर्य जाण्याने अशक्तपणा येत नाही.

काही गोष्टींत ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही. वृषणात अचानक कळ उठली तर सहा तासांच्या आत रुग्णालय गाठा. तिथे पीळ पडलेला असू शकतो. बाईला ताप आणि ओटीपोटात दुखणं एकत्र असेल, ती गरोदर असून यातलं कुठलंही लक्षण असेल, डोळ्याला अंधुक दिसायला लागलं असेल, तर त्याच दिवशी जा.

तपासणीआधी काहीही घेऊ नका

मेडिकलवाला चांगल्या मनाने अँटिबायोटिक देईल. दोन गोळ्यांनी पू थांबतो, जंतू अर्धवट मरतात आणि नंतर नमुन्यात काही सापडत नाही. खाजेसाठी मिळणारी ती तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब तर हातात घेऊ नका. तिच्यात तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो, कातडी पातळ होते आणि डॉक्टरांनाही मूळ आजार ओळखता येत नाही. जंतुनाशकाने घासून धुणं, मिठाचं कडक पाणी, चुना, हेही नको. धुण्यानेच सोललेली कातडी "रोग" म्हणून दाखवायला आलेले कितीतरी जण मी पाहिलेत. आणि "एका रात्रीत गुण" म्हणणाऱ्या भिंतीवरच्या जाहिरातींकडे जाऊ नका. गुप्तरोगाच्या डॉक्टरची पदवी त्वचारोगाच्याच डॉक्टरची असते, एमडी किंवा डीडीव्हीएल. पाटीवर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक नसेल तर पायरी चढू नका.

निदान होईपर्यंत संबंध टाळा. जोडीदार असेल तर त्यांच्याशीही.

जायचं कुठे, बोलायचं काय

लोक ओपीडीच्या आतल्यापेक्षा केसपेपरच्या खिडकीला जास्त घाबरतात. मागे रांग, पुढे काच, आत मोठ्याने विचारणारा माणूस. तिथे आजार सांगायची गरज नाही. पुरुषांनी "त्वचारोग ओपीडी" म्हणावं, बायकांनी "स्त्रीरोग" किंवा "त्वचारोग". बस्स. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, आणि एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीमध्ये होते, फुकट. तुमच्या जवळचं केंद्र कुठलं ते विचारायला १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. नाव न सांगता बोलता येतं. आपल्याच तालुक्यात ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा. कुठल्याही केंद्रात तुम्हाला पत्त्यावरून परत पाठवत नाहीत.

डॉक्टरांसमोर शब्द अडकतात. म्हणून घरून पाठ करून जा: "अमुक तारखेला कंडोमशिवाय संबंध आला. अमुक दिवसापासून हा त्रास आहे. अजून कुठलंच औषध घेतलेलं नाही." या तीन वाक्यांत डॉक्टरांचं निम्मं काम होतं. गुदमार्गे किंवा तोंडाने संबंध आला असेल तर न विचारता सांगा, कारण मग नमुना तिथूनही घ्यावा लागतो. नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला गनोरिया दिसत नाही. पुरुषांचा पुरुषांशी संबंध आला असेल तरी हेच. ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन प्रौढांमधला राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही, आणि डॉक्टरांपासून लपवून नुकसान फक्त तुमचं होतं. बाई असाल आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर आत नर्सताई हव्यात असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

कुणी तुसडेपणाने बोलू शकतं. "लग्न झालंय का?" हा प्रश्न भुवया उंचावून विचारणारे मला माहीत आहेत. माझ्या शेजारच्याच खोलीत एका मुलीला "आईवडिलांना माहीत आहे का हे?" असं चार लोकांदेखत ऐकवलं गेलं. ती उठून गेली आणि पुन्हा आली नाही. त्याचा राग मला आजही येतो. तुमच्या वाट्याला असं आलं तर ती खोली सोडा, उपचार सोडू नका. समुपदेशकाकडे या, ते दुसऱ्या डॉक्टरांची सोय करतील.

वय १८च्या आत असेल तर एचआयव्ही तपासणीला पालकांची संमती लागते, आणि अल्पवयीन व्यक्तीशी आलेल्या संबंधाची माहिती डॉक्टरांना कायद्याने कळवावी लागते. आधी कुणाशीतरी बोलायचं असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८, लावा.

कुठली तपासणी, कितव्या दिवशी

इथे ती तारीख कामाला येते. लक्षणं असतील तर दिवस मोजत बसू नका, लगेच जा. पू, जखम, फोड असेल तर तिथलाच नमुना घेता येतो. लक्षणं नसतील तर असं मोजा.

गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी दोन आठवडे झाल्यावर लघवीची जनुकीय तपासणी. ही मोठ्या खाजगी लॅबमध्ये मिळते. यात एक गोष्ट हमखास चुकते. आपल्याला लघवीच्या तपासणीला "मधली धार" द्यायची सवय असते. इथे उलट असतं: तासभर, जमल्यास दोन तास लघवी करायची नाही आणि मग अगदी सुरुवातीची धार, २०-३० मिलिलिटर, डबीत धरायची. जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी असतात, ते पहिल्या धारेबरोबर येतात. डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो.

एचआयव्हीची आज एक तपासणी करून घ्यायला हरकत नाही, म्हणजे आधीची स्थिती कळते. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची तपासणी, जी विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधते, ४५ दिवसांनंतर भरवशाची. बोटातून थेंब घेऊन होणारी रॅपिड तपासणी ९० दिवसांनी पक्की. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी, जखम आल्यावरही ती पॉझिटिव्ह यायला एक ते चार आठवडे जातात, म्हणून तीही तीन महिन्यांनी पुन्हा करा. हिपॅटायटिस बी आणि सी त्याच रक्तात बघून घ्या. मग तीन महिन्यांची तारीख ही शेवटची. नवा धोका झाला नसेल तर तिथे थांबायचं.

पॅकेजच्या नावाखाली हर्पीसची रक्ततपासणी करू नका. अंगावर फोड नसताना आलेला "आयजीजी पॉझिटिव्ह" जुन्या, अनेकदा ओठावर येणाऱ्या हर्पीसचाही असतो. त्यातून उपचार काही ठरत नाही, नुसता घोर लागतो.

आयसीटीसीमध्ये आत गेल्यावर दार बंद होतं, समुपदेशक आधी बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तुमच्या परवानगीवाचून इतरांना सांगता येत नाही. निकाल तुमच्याच हातात मिळतो. पॉझिटिव्ह शब्द एका तपासणीवर लिहीत नाहीत, वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या जुळाव्या लागतात.

रिपोर्टमध्ये काही निघालं तर

गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस औषधाने पूर्ण बरे होतात. सरकारी केंद्रात औषधांची रंगीत पाकिटं असतात: मूत्रमार्गातून पू असेल तर राखाडी, अंगावरून जाण्याला हिरवं, जखमेला पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, हर्पीसला लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला, जिला बद म्हणतात, काळं. दुसऱ्याचं पाकीट त्याच रंगाचं आहे म्हणून घेऊ नका. उपचारानंतर किमान सात दिवस संबंध नाही, आणि जोडीदाराचा उपचार त्याच वेळी. नाहीतर एकमेकांना परत परत देत राहाल.

सिफिलिसचं पेनिसिलिनचं इंजेक्शन कमरेत घेतात आणि ते चांगलंच दुखतं. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, अंग ठणकलं तर घाबरू नका. जंतू एकदम मेल्याने तसं होतं आणि दिवसभरात उतरतं. पुढे व्हीडीआरएलचा आकडा खाली येतोय का हे बघायला काही महिन्यांच्या अंतराने तपासणी होते. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्ततपासणी मात्र बरं झाल्यावरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. रत्नागिरी-रायगडकडची, आखातात नोकरीला जाणारी मुलं नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत इथेच अडकतात. उपचाराचे कागद, इंजेक्शनच्या तारखा आणि जुने-नवे आकडे फाइलला लावून ठेवा.

एचआयव्ही निघाला तर एआरटी केंद्रात औषध मोफत सुरू होतं, बहुतेकांना रोज एक गोळी. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर तो संबंधातून दुसऱ्याला जात नाही. मी ज्यांना रडताना पाहिलं त्यातले कितीतरी जण पुढे लग्नाचं, पोराच्या बारशाचं आमंत्रण द्यायला आले.

जोडीदाराला सांगताना "कुणामुळे" हा वाद आधी काढू नका. "माझ्या तपासणीत हे निघालंय, तुझीही करायला हवी, मी सोबत येतो" एवढं पहिल्या दिवशी पुरे. घरात मारहाणीची भीती असेल तर एकटीने सांगू नका. समुपदेशकांना आधी विश्वासात घ्या.

काहीच निघालं नाही आणि भीती जात नसेल तर

तो कालनिर्णयवाला त्याच दिवशी निगेटिव्ह आला आणि त्याच्या शनिवारपासून ९० दिवस झाल्यावर पुन्हा निगेटिव्ह. तरी तो आणखी एकदा आला. "मॅडम, अजून एकदाच." मी त्याचं रक्त घ्यायला लावलं नाही, तासभर बोलत बसले. त्याची भीती आजाराची राहिली नव्हती, घरी आपण खोटं वागलो याची होती, आणि ती रक्तात सापडणारी नव्हती. रिपोर्ट पक्का असूनही तपासावंसं वाटत असेल, दिवसातून दहादा अंग बघितलं जात असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. मराठीत बोलता येतं आणि फुकट आहे.

निघताना दोन गोष्टी विचारा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तिचे तीन डोस, आणि वय बसत असेल तर एचपीव्हीची लस. कंडोमची पेटी आमच्या दाराशेजारीच असायची, मुद्दाम खोलीच्या बाहेर, म्हणजे घेताना कुणाला विचारावं लागू नये. तुमच्या केंद्रात दिसली तर त्यातून हवे तेवढे घ्या.